अंदमान की मुरबाड? शेतावरच्या तंबूचा हिशोब

ठाण्याहून मुलांना घेऊन एखाद्या बेटावर, जंगलाशेजारच्या शेतात तंबू ठोकून राहायचं, तर कुठे जावं? ठाणं स्वतःच साष्टी बेटावर आहे, पण तिथलं जंगल, म्हणजे येऊर, पडलं राष्ट्रीय उद्यानात. तिथे बिबटे, तंबूचा विषयच नको.

अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचं हॅवलॉक: सुपारी-नारळाच्या बागा आणि लगेच दाट जंगल. विमान, मग बोट, खिसा रिकामा. पाऊस दोन्ही मोसमी वाऱ्यांचा, मेपासून डिसेंबरपर्यंत. तेव्हा जानेवारी ते एप्रिलमध्येच जावं. किनाऱ्यावर वाळूमाश्या फोडून काढतात. खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, त्यामुळे तंबू पाण्यापासून लांबच हवा.

मुरबाड बेट नाही, पण तिथे कल्याणहून एसटीनं जाता येतं. सामुदायिक शेत असेल तर सकाळी तण काढा, दुपारी चुलीवरची भाकरी. कोरड्या शौचालयात पाण्याऐवजी भुसा टाकतात, मुरलं की फळझाडांना खत. मुलं आधी नाक मुरडतात, मग भुशासाठी भांडतात! पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुरबाडच धरावं.