12 बोअर शॉटगनचा सफाई संच : वर्षभराच्या वापरानंतर

पंप-अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायच्या) शॉटगनसाठी घेतलेल्या या संचात तीन तुकड्यांची पितळी सळई, फॉस्फर ब्राँझचा ब्रश, लोकरी मॉप, सॉल्व्हंट (साचलेला मळ सैल करणारा द्रव) आणि तेल मिळते. चेंबर (काडतूस बसण्याची जागा) व मॅगझिनची (पुढची काडतुसे साठवणारी) नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री केल्याशिवाय मी सळई हातात घेत नाही. याला अपवाद नसावा.

ब्रश खरोखर उत्तम आहे. बंदुकीच्या सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीत तो घट्ट बसतो, आणि सॉल्व्हंट दहा मिनिटे मुरू दिल्यावर चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात चिकटलेला काडतुसातील प्लॅस्टिक वॅडचा (छर्रे आणि दारू यांमधल्या बुचाचा) थर राखाडी पापुद्र्यांसारखा सुटून येतो. सळईचे आटे मात्र काही फेऱ्यांतच सैल होतात. तेलाच्या बाटलीचे तोंड इतके रुंद आहे की थेंबाऐवजी धार पडते, आणि पंपाच्या सरकपट्ट्यांवर जादा तेल राहिले की त्यात काजळी व धूळ अडकून फोरएंड (पुढची सरकती मूठ) जड सरकू लागतो. म्हणून मी तेल आधी कापडावर घेतो. मॅगझिनच्या नळीसाठी वेगळा मॉप नाही, ही उणीव मला सर्वाधिक खटकली.