रेखाटनासाठीचा ट्रेसिंग रोल: पातळ, पण कामाचा

इमारतीची रचना आधी डोक्यात पूर्ण होते आणि मग कागदावर उतरते, हा समज ट्रेसिंग रोल, म्हणजे आरपार दिसणाऱ्या या पातळ कागदाची गुंडाळी, वापरताना फार काळ टिकत नाही. कारण जुन्या रेखाटनावर नवा थर अंथरून जिना जरासा सरकवला, की उजेड, वावर आणि भिंतींची जाडी यांविषयीचे प्रश्न रेघ ओढतानाच सुचू लागतात. दर चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम वजनाच्या या कागदातून खालचे दोन थर सहज दिसतात. २बी पेन्सिल त्यावर मऊ चालते. ओल्या शाईने मात्र तो सुरकुततो. खोडरबरही त्याला सोसवत नाही, पण चूक न पुसता तिच्यावरच पुढचा पर्याय काढायचा असल्याने मला ही उणीव वाटलीच नाही. १:१०० प्रमाणातील (कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात १ मीटर) अंतिम नकाशांसाठी जाड कागदच घ्यावा.