लिनक्सवर चौदा महिने: माझा खरा अनुभव ड्रायव्हरच्या लायसन्सचा

चौदा महिन्यांपूर्वी जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज १० काढून लिनक्स टाकलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपणार होता आणि विंडोज ११ च्या अटींत माझं मशीन बसत नव्हतं. काम मुख्यतः मजकूर आणि पानांच्या मांडणीचं, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. ऑफिस, ब्राउझर, मराठी टायपिंग, प्रिंटर यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आठवड्याभरात अंगवळणी पडलं. लिहायचंय ते ग्राफिक्स ड्रायव्हरबद्दल, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल.

त्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं आणि त्याचा ड्रायव्हर बंद होता, म्हणजे सोर्स कोड न देणारा. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. बसवला तेव्हा उत्तम चालला. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी नेहमीसारखं अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि समोर काळी स्क्रीन. दुसऱ्या दिवशी सकाळी काम द्यायचं होतं. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडला तेव्हा डेस्कटॉप परत आला. मग लॉग वाचत बसले. कर्नल नवा आला होता, त्याच्यासाठी डीकेएमएसने (हे काम आपोआप करणारं साधन) ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा त्याचा भाग, पुन्हा कंपाइल करायला घेतलं आणि ते अर्ध्यातच फसलं होतं. हे पुढे आणखी दोनदा झालं.

लायसन्स ही वकिलांची गोष्ट आहे असं मला तोवर वाटत होतं. लिनक्स कर्नल जीपीएल (सोर्स खुला ठेवायला लावणारं लायसन्स) आवृत्ती २ खाली आहे, हे वाक्य शंभरदा वाचलं असेल. त्याचा माझ्या स्क्रीनशी संबंध काय, ते त्या रात्री कळलं. कर्नल आपली आतली रचना कायम ठेवण्याचं वचन देत नाही, आणि हे मुद्दाम ठरवलेलं धोरण आहे. आतलं एखादं फंक्शन बदललं, तर ज्याने बदललं त्यानेच ते वापरणारे कर्नलच्या सोर्समधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, अशी रीत आहे. सोर्स तिथे असेल तरच हे शक्य. बंद ड्रायव्हर बाहेर राहतो, त्यामुळे त्याच्या कंपनीला प्रत्येक वेळी मागून धावत यावं लागतं, आणि ती येईपर्यंत थांबायचं आपण. शिवाय कर्नलमधली काही फंक्शन्स जीपीएलशी जुळणाऱ्या लायसन्सच्या मॉड्यूललाच वापरता येतात. मॉड्यूल आपलं लायसन्स जाहीर करतं आणि कर्नल ते तपासतो. बंद मॉड्यूल लोड झालं की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारतो. मग बग कळवलात, तर आधी ते मॉड्यूल काढून तीच अडचण येते का ते पाहा, असं सांगतात. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला होता. पण जो कोड कुणाला दिसतच नाही, त्यातली चूक दुसऱ्याने कशी शोधायची?

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू ठेवायचं तर आणखी एक पायरी. घरच्या मशीनवर कंपाइल झालेल्या मॉड्यूलवर डिस्ट्रोची, म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्स संचाची, सही नसते. म्हणून आपली किल्ली तयार करायची, रीस्टार्टच्या वेळी येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर पासवर्ड देऊन ती नोंदवायची. कर्नलबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरला यातलं काहीच लागत नाही.

सहाव्या महिन्यात डेस्कटॉप घेतला, आणि या वेळी कार्ड निवडताना एकच अट लावली: ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा आणि ओपनजीएल-व्हल्कनचा, म्हणजे प्रोग्रॅमना चित्र काढून देणारा, भाग मेसा या मोकळ्या ग्राफिक्स प्रकल्पात. मेसा १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प, लायसन्स एमआयटीचं, म्हणजे फारशा अटी न घालणारं. लॅपटॉपमधला बंद ड्रायव्हर काढला, एसएसडी उपसली, नव्या मशीनमध्ये लावली आणि बटण दाबलं. तेच वॉलपेपर, त्याच फाइल्स, पूर्ण रेझोल्यूशन. ड्रायव्हर म्हणून काही बसवावंच लागलं नाही. मला खरंच भरून आलं.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत कितीतरी कर्नल अपडेट आले, ग्राफिक्ससाठी मी काही केलं नाही. वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीवर, वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर नीट चालतात. झोपेतून उठताना मशीन दोनदा गोठलं, हेही सांगायला हवं. शोधलं तर तीच तक्रार कुणीतरी लॉगसकट आधीच नोंदवलेली होती, खाली चर्चा होती, पॅचही (दुरुस्तीचा कोड) होता. पुढच्या कर्नलमध्ये तो आला आणि त्रास थांबला. पॅचमधलं मला फारसं कळलं नाही, पण तो वाचता आला याचं मोल मला मोठं वाटतं.

सगळंच मोकळं आहे असं मात्र समजू नका. मोकळ्या ड्रायव्हरनाही कार्डात भरायचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं आणि ते बहुतेक बंदच असतं. डेबियन या डिस्ट्रोने २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळतं. मला तो निर्णय योग्य वाटतो. स्क्रीनच दिसली नाही तर नवा माणूस लायसन्सपर्यंत पोचणार कसा?

टीव्ही जोडणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. टीव्ही जोडायच्या एचडीएमआय २.१ या मानकाचं स्पेसिफिकेशन (तांत्रिक तपशील) खुलं नाही. एएमडी या ग्राफिक्स कार्डच्या कंपनीने आपल्या मोकळ्या ड्रायव्हरमध्ये ते आणायची तयारी केली होती, पण ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने परवानगी नाकारली, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. कोड उघडा ठेवला की त्यातून स्पेसिफिकेशनही उघडं पडतं, अडचण ती. म्हणजे हार्डवेअर सक्षम, कोड लिहिणारे तयार, आणि अडलं कागदावर. ४के ला १२० हर्ट्झ हवे असतील तर मी डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटरच सुचवेन. व्हिडिओ कोडेकचंही (व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतींचं) असंच, फक्त तिथे पेटंट आडवी येतात. २०२२ मध्ये फेडोरा या डिस्ट्रोने एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकचं हार्डवेअर डीकोडिंग आपल्या मेसा पॅकेजमधून काढलं ते त्यामुळेच. बाहेरच्या रिपॉझिटरीतून ते परत घेता येतं.

एनव्हिडियाचं कार्ड घ्यावं का, असं विचाराल तर आज उत्तर पूर्वीपेक्षा बरं आहे. मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूलचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी लायसन्सखाली खुला केला. तो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांना चालतो, कारण त्या कार्डांवरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरकडे बरंच काम गेलंय आणि त्याचं फर्मवेअर बंद आहे. ओपनजीएल, व्हल्कन, कुडा (कार्डावर आकडेमोड करायची एनव्हिडियाची सोय) हा वरचा भागही बंदच. मेसामध्ये एनव्हीके हा मोकळा व्हल्कन ड्रायव्हर आलाय, तो वेगाने सुधारतोय. कुडावर पोट असेल तर जरूर घ्या. नसेल तर मी अजून कर्नलमधल्या ड्रायव्हरचंच कार्ड घेईन.

जुना लॅपटॉप आता बाबांकडे आहे. त्यात दुसरी एसएसडी घालून तेच लिनक्स टाकलं. पहिल्या महिन्यात वेगळं कार्ड आणि त्याचा बंद ड्रायव्हर तसाच ठेवला होता, तेव्हा अपडेटची सूचना दिसली की ते हाक मारायचे, “हे दाबू का गं?” मग मी तो ड्रायव्हर काढला आणि मशीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालू ठेवलं, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. तेव्हापासून बाबा स्वतःच अपडेट करतात.