आईचे मोठे चेक घरबसल्या भरताना : सात-आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो. बँकांच्या विलीनीकरणानंतर आईची शाखा लांब गेली. तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि माझी ड्यूटी अंबड एमआयडीसीत, नेमकी बँकेच्या वेळेत. त्यातच दिंडोरीकडच्या जमिनीतल्या तिच्या हिश्श्याचे पैसे हप्त्याहप्त्याने येणार होते, तेही लाखांच्या चेकने. आरटीजीएसने थेट खात्यात पैसे घेणं सोपं पडलं असतं, पण साठेखतात (जमीनविक्रीच्या करारात) चेक नंबर, बँक, तारीख सगळं लिहून झालेलं होतं.

म्हणून सरकारी बँकांची डोअरस्टेप बँकिंग सेवा घेतली. ही २०२० पासून आहे. ॲपवर किंवा फोनवर मागणी नोंदवायची, आमच्या बँकेत एका वेळेचे ७५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे कापले जातात. रिक्षाच्या जाण्यायेण्यापुढे हे काहीच नाही. माणूस येतो, ओळखपत्र दाखवतो, मोबाइलवर आलेला कोड जुळवतो आणि मगच चेक हातात घेतो. आमच्याकडे येणारा मुलगा पाकीट आईसमोरच चिकटवतो आणि "आजी, नंबर परत एकदा वाचा" म्हणतो. आईला तो विश्वासाचा वाटतो, मलाही.

चेक देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढते, मागे खाते क्रमांक आणि मोबाइल लिहिते, खालच्या पांढऱ्या पट्टीवर घडी किंवा पिन येऊ देत नाही. नाव पासबुकात आहे तसंच हवं. आईच्या नावात वडिलांचं नाव मधे येतं, ते मी समोरच्याला आधीच लिहून पाठवते.

मोठ्या चेकची खरी गोम मात्र देणाऱ्याच्या बाजूला असते. १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आहे, म्हणजे देणाऱ्याने चेकचा तपशील आपल्या बँकेला आधीच कळवायची पद्धत. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय मिळते आणि ५ लाख किंवा जास्तीच्या चेकला बँक ती सक्तीची करू शकते. देणाऱ्याने चेक नंबर, तारीख, रक्कम, नाव स्वतःच्या बँकेला कळवायचं. ते राहिलं तर खात्यात पैसे असूनही चेक परत येऊ शकतो. त्यामुळे "कळवलंत का?" विचारून त्याचा स्क्रीनशॉट आल्याशिवाय मी पिकअप लावतच नाही.

एकदा पिकअपची वेळ मिळेना, तेव्हा दुसऱ्या एका शाखेत स्वतः गेले. काउंटरवरून सांगितलं, "पेटीत टाका, पोच मिळणार नाही." सहा लाखांचा चेक पेटीत? रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत : काउंटरवर चेक दिला तर पोच नाकारता येत नाही. शांतपणे तेवढं बोलून मॅनेजरकडे गेले, स्लिपवर शिक्का घेऊनच बाहेर पडले. तुम्हीही घ्याच. चेक गहाळ झाला तर तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो.

पैसे जमा व्हायला आता फार वेळ लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत चेक दिवसभर स्कॅन होऊन पुढे जातात आणि चेक देणाऱ्याच्या बँकेला तो पास की परत, याचं उत्तर संध्याकाळी ७ पर्यंत द्यावं लागतं. सकाळी नेलेल्या चेकचा मेसेज आईला त्याच रात्री आला. दुपारी उशिरा नेलेला बहुतेक दुसऱ्या दिवसावर जातो, म्हणून सकाळचीच वेळ निवडा. चेक तीन महिन्यांतच भरावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

सुरगाण्याला मामांना ही सेवा मिळाली नाही. ते नाशिकला येणाऱ्या भाच्याजवळ चेक देतात, तो त्यांच्या बँकेच्या इथल्या शाखेत भरतो आणि शिक्क्याच्या स्लिपचा फोटो मामांना लगेच व्हॉट्सॲप करतो.