मिनिमल घर, दीड वर्षानंतर: हॉलला पैकीच्या पैकी, पण किचनला हँडल हवंच

सिंकखालच्या कपाटाचं शटर, म्हणजे दार, आता बंदच होत नाही, आणि किचन करून देणारी कंपनी म्हणते पुश-लॅच (हँडलऐवजी दाबून उघडायची खटकी) वॉरंटीत बसत नाही. 'लाकूडकामाला दहा वर्षं, हार्डवेअरची झीज ग्राहकाकडे.' वर नुसतं बघायला येण्याचा व्हिजिट चार्ज. तेव्हा इतके महिने मनात साठलेलं एकदाचं लिहून टाकते.

घर ठाण्यात, टू बीएचके, माणसं पाच. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडी मॅट लॅमिनेट, कुठेही हँडल नाही.

आधी हॉलबद्दल, कारण तो खरंच आवडलाय. शोकेस नाही, सेंटर टेबल नाही, भिंतीला लागून एक लांब बैठक आणि बाकी मोकळी फरशी. नातेवाईक म्हणाले, सामान यायचंय का अजून? पण त्याच फरशीवर गणपतीत वीस-बावीस माणसं पंगतीला बसली, काहीही सरकवावं लागलं नाही. झाडू-पोछा दहा मिनिटांत. या एका गोष्टीसाठी मी पुन्हा असंच घर करीन. सीलिंगमधल्या प्रोफाइल लाइटचा (लांब पट्टीसारख्या दिव्याचा) ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, मात्र जिप्समच्या आत बंद करून टाकलाय. तो गेला की सीलिंग कापायचं. ड्रायव्हरपाशी छोटं झाकण मागून घ्या.

आता किचन. पुश-टू-ओपन, म्हणजे तोच पुश-लॅच, ही शटरमागे स्प्रिंगची एक दांडी. शटर दाबलं की दोन-तीन मिलिमीटर आत जातं, स्प्रिंग सुटते आणि शटर बाहेर येतं. म्हणजे तेवढी फट कायम शाबूत राहायला हवी. पावसाळ्यात प्लाय जरासा फुगला किंवा बिजागरी किंचित उतरली की फट गेली, मग तेच शटर तीनदा दाबा. शोरूममध्ये एसी चालू असतो, हात कोरडे असतात, तिथे सगळं एका बोटाने उघडतं.

आमच्याकडे सकाळी सासूबाईंचे हात कणकेत असतात. तेलाचा डबा हवा झाला की त्या कोपराने शटर दाबतात, डबा काढतात, आणि बंद करताना टक्‌ आवाज येईपर्यंत पुन्हा दाबतात. गॅसशेजारच्या शटरवर त्या दाबण्याच्या जागी तळहाताएवढा तेलकट डाग पडलाय. साबणाच्या पाण्याने पुसला की जातो, संध्याकाळी पुन्हा हजर. गरम कुकर घेऊन वळताना कंबर लागली तरी शटर उघडतं. हे मला सहन होत नाही, कारण घरात लहान मूल आहे आणि ते तिथेच पायात घोटाळत असतं.

1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची सुरुवात तिथली मानतात. त्यात तांदूळ-साखरेसाठी अ‍ॅल्युमिनियमचे कप्पे होते, मुठीला धरून ओढायचे आणि तोटीने थेट भांड्यात ओतायचे. सगळा विचार हाताचा आणि पावलांचा. आमच्या डिझायनरने विचार केला तो फोटोचा.

खालच्या ट्रॉल्यांना मात्र गोला प्रोफाइल आहे, म्हणजे ओट्याखाली अ‍ॅल्युमिनियमची आडवी पन्हळ, तिच्यात बोटं घालून ट्रॉली ओढायची. सुरुवातीला मी त्यालाही नावं ठेवली, कारण त्या पन्हळीत पीठ, मोहरी आणि मागोमाग मुंग्या. आता मत बदललंय. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा साफ केलं की भागतं, आणि ओल्या हातानेही ट्रॉली बिनतक्रार येते. माझं भांडण हँडल नसण्याशी नाही, त्या स्प्रिंगशी आहे.

शेवटी कंपनीचा नाद सोडून गल्लीतल्या सुतारदादांना बोलावलं. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: नुसतं हँडल लावून चालत नाही. पुश-लॅचसोबत बिनस्प्रिंगची बिजागरी असते, लॅच काढला की शटर मिटून राहत नाही. म्हणून बिजागऱ्याही सॉफ्ट-क्लोजच्या, म्हणजे शटर हळूच आपोआप मिटवणाऱ्या, घेतल्या. शटरमधला बिजागरीच्या वाटीचा खड्डा सहसा 35 मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे नवी बिजागरी जुन्या जागी चपखल बसली. हँडल दोन स्क्रूंमध्ये 128 मिलिमीटर अंतराची, साधी, मॅट काळी. भोक पाडताना मागून लाकडाचा ठोकळा धरला, म्हणून लॅमिनेटचा टवका उडाला नाही. गॅसशेजारची आणि सिंकखालची शटरं झाली, आणि सगळा खर्च कंपनीने नुसत्या नव्या लॅचेससाठी सांगितलेल्या रकमेपेक्षा कमी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी करंगळीने शटर ओढलं आणि म्हणाल्या, "हे आधीच का नाही लावलं गं?"

बेडरूमच्या वॉर्डरोबचे पुश-लॅच मी ठेवलेत. तिथे हात कोरडे असतात आणि दिवसातून दोन-चारदाच उघडतो. ज्यांचं कोटेशन अजून सहीला आहे त्यांनी हार्डवेअरच्या रकान्यात प्रत्येक शटरपुढे बिजागरी कुठली, लॅच कुठला आणि त्यांची वॉरंटी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. आमच्याकडे तिथे 'प्रीमियम' एवढा एकच शब्द होता.