वसईतला मार्कच्या शुभवर्तमानाचा वर्ग – शक्य असेल त्यांनी नक्की करा

प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ) आमच्या वसईत, पश्चिमेला एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी बायबल वर्ग चालतो त्याबद्दल लिहितोय. फी नाही, दानपेटी आहे, चहा बिस्किटं मिळतात, बायबल मात्र आपलं आपण न्यायचं.

या वर्गाचं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे शिकवणाऱ्या सिस्टर चमत्कार सुटे सुटे सांगत नाहीत, मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) पहिल्यापासून ओळीने वाचतात आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारतात की आता या क्षणी शिष्यांना येशूबद्दल किती कळलंय? मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) आपण आज हा उतारा उद्या तो असं ऐकतो ना, त्यामुळे हे कधी लक्षातच येत नाही की या लोकांना किती हळूहळू कळत गेलं. पहिल्या अध्यायात कफर्णहूमच्या सभास्थानात लोक नुसते चकित होतात, येशूने पक्षाघाताच्या माणसाला पापांची क्षमा दिली तेव्हा शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) मनात म्हणतात की क्षमा करणं हे तर फक्त देवाचं काम, आणि मग चौथ्या अध्यायात शिष्यांसोबत होडीत असताना येशू वादळ शांत करतो तो प्रसंग.

वादळाच्या उताऱ्यावर आख्खी संध्याकाळ गेली, जायलाच हवी होती. वर्गात कोळीवाड्यातले एक वयस्कर तांडेल (होडीचे प्रमुख) येतात, ते म्हणाले सिस्टर, वारा पडला तरी दर्या लगेच बसत नाही, लाटा कितीतरी वेळ उसळत राहतात, इथे तर वारा आणि पाणी दोन्ही एकदम शांत, म्हणून शिष्य घाबरले. आणि खरंच मार्कमध्ये बघा, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असताना त्यांना बुडायची भीती आहेच, पण सगळं निवांत झाल्यावर ते फार घाबरले असं लिहिलंय, आणि मग एकमेकांना विचारतात हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात! सिस्टरनी लगेच बायबलच्या जुन्या करारातलं स्तोत्र १०७ काढायला लावलं, त्यात जहाजावरचे लोक संकटात धावा करतात आणि परमेश्वर वादळ शमवतो. शिष्य यहुदी होते, ही स्तोत्रं त्यांना पाठ असणार, म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडावर होतं पण बोलायची हिंमत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला खरंच.

गालीलच्या समुद्राची माहितीही नीट दिली, तो गोड्या पाण्याचा तलाव, साधारण २१ किमी लांब, समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून खाली, त्यामुळे डोंगरातून वारा अचानक उतरतो. १९८६ मध्ये तिथे चिखलात त्या काळातली होडी सापडली, सुमारे ८ मीटर लांब, तिचा फोटो दाखवला तेव्हा कोळीवाड्याच्या मंडळींनी लगेच किती माणसं मावतील याचा हिशोब सुरू केला.

पुढे येशू पाण्यावर चालतो तो प्रसंग. मत्तयमध्ये (दुसऱ्या एका शुभवर्तमानात) होडीतले लोक तू खरोखर देवाचा पुत्र आहेस म्हणून पाया पडतात आणि मार्क म्हणतो त्यांना भाकरींचंही (येशूने थोड्या भाकरींत हजारोंना जेवू घातलं त्याचंही) कळलं नव्हतं, मन कठीण झालं होतं. सिस्टरनी हा फरक झाकला नाही, दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. बेथसैदाचा आंधळा तर मी आता विसरणार नाही, पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसतात, दुसऱ्यांदा स्पष्ट दिसतं, आणि लगेच पुढे शिष्यांमधला पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस, आणि त्याच दमात येशूच्या दुःखसहनाला विरोध करून बोलणी खातो. पेत्रालाही अर्धंच दिसत होतं! सामर्थ्य कळलं होतं, क्रूस कळला नव्हता. मार्कमध्ये हा खरोखर देवाचा पुत्र होता असं म्हणणारा पहिला माणूस शिष्य नाहीच, क्रूसासमोर उभा असलेला रोमी शताधिपती (शंभर सैनिकांचा अधिकारी) आहे.

कमी काय ते पण सांगतो. माईक नाही, पंख्यांच्या आवाजात मागे बसलेल्या आजींना ऐकू येत नाही, झेरॉक्सची अक्षरं फार बारीक. शेवटचे अध्याय घाईत उरकले, रिकाम्या कबरेपासून स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत त्यावर तर बोलायला वेळच उरला नाही, ते मला मनापासून खटकलं. पाचपैकी साडेचार.

एक विनंती आहे, हाच वर्ग जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही ठेवा, तेव्हा बोटी किनाऱ्याला असतात आणि खलाशी पोरांनाही येता येईल, वादळाचा उतारा त्यांच्यासोबत वाचायचाय मला.