१३,५०० रुपयांचा हीटर

साताऱ्यात गाडीचा हीटर कोण लावतं? मी नऊ वर्षांत दोनदा लावला असेल, तोही काच निवळायला. त्याच हीटरपायी माझे १८,००० गेले. जुलै आला की गाडीत पाणी येतं म्हणणारे दोघे-तिघे भेटतातच, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

शाहूपुरीत आमच्या दारात गुलमोहर आहे. गाडी त्याच्याखाली. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बायको डावीकडच्या सीटवर बसली आणि पाय टेकवताच पचकन आवाज आला. मॅट उचललं तर खालचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. चार दिवस काच आतून धुरकट होत होती, ओल्या गोणपाटासारखा वासही येत होता. पण पावसाळ्यात सगळ्यालाच वास येतो म्हणून मी सोडून दिलं होतं.

हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं कार्पेटवर बोट दाबलं, बोटाचा वास घेतला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "हीटर कोअर फुटलाय, साहेब. कूलंट आत येतंय. असंच चालवलं तर खंबाटकीत इंजिन तापून बसेल." (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते गरम होऊन हीटरच्या ज्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, तो हीटर कोअर.) घाटाचं नाव काढलं की आपण हातातलं सगळं देऊन मोकळे होतो. डॅशबोर्ड उतरवायचा, पार्ट पुण्याहून आणायचा, एकूण १३,५००. त्यातले ९,००० आगाऊ दिले.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. कार्पेट कोरडं, वर मोगऱ्याचा फवारा. जुना पार्ट मागितला तर "भंगारवाल्यानं नेला." पावती म्हणून वहीचा फाडलेला कागद, त्यावर पेनानं 'हिटर काम'. पुढचे आठ-दहा दिवस पावसानं उघडीप दिली, गाडी कोरडीच राहिली आणि मी दोघा मित्रांना त्या गॅरेजचा पत्ताही दिला. (एकानं अजून मला माफ केलेलं नाही.)

मग एका रात्री बदाबदा कोसळला. सकाळी परत पचकन.

आता तो म्हणाला, "हीटरचं काम पक्कंच आहे हो. फ्लोअर गंजून भोक पडलंय, चाकाचं पाणी खालून आत येतंय." मोबाईलवर भोकाचा फोटो दाखवला. तो फोटो माझ्याच गाडीचा आहे का, हे मी विचारलं नाही. सीलंट आणि कोटिंगचे ४,५०० दिले. तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा त्यानं "मॉड्यूलला पाणी लागलं असणार" (मॉड्यूल म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक डबा) म्हणत ३२,००० चा आकडा टाकला, तेव्हा कुठे मला जाग आली.

सासऱ्यांचे मावसभाऊ कोरेगावला असतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते आले, चहा घेतला आणि आधी बॉनेट उघडायला लावलं. "जावईबापू, या बाटलीतलं कूलंट कमी होतंय का?" महिन्याभरात रेघेखाली गेलंच नव्हतं. मग कार्पेटचं पाणी बोटावर घेऊन म्हणाले, "कूलंट असतं तर बुळबुळीत लागलं असतं, रंग दिसला असता, गोडसर वास आला असता. हे मातीचं पाणी आहे." (चाखून बघू नका, कूलंट विषारी असतं.) एसीचं पाणी असेल का, असं मी विचारलं. एसीची निचऱ्याची नळी तुंबली की ते पाणीही तिथंच उतरतं. पण एसी तर मी लावतच नव्हतो, आणि गाडी नुसती उभी असतानाही भिजत होती. फक्त पाऊस पडल्यावर! हीटर फुटला असता तर उन्हातही गळला असता. एवढी साधी गोष्ट १८,००० देईपर्यंत माझ्या डोक्यात आली नाही. आणि त्या गॅरेजात एकदाही कुणी गाडीवर पाणी मारून बघितलं नव्हतं.

तात्यांनी बागेची नळी घेतली. मला आत बसवलं, डावीकडे खाली वाकून, मोबाईलचा टॉर्च लावून. सुरुवात खालून. दाराच्या खालच्या कडेवर पाच मिनिटं, धार बारीक. काही नाही. मग दाराचं रबर, मग काचेची कड. "एकदम टपावर मारलं की पाणी सगळीकडून खाली येतं, मग काय कळणार?" शेवटी वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीवर धार धरली. मिनिट-दीड मिनिट गेलं आणि डॅशबोर्डखाली, ब्लोअरच्या डब्याच्या कडेनं, एक थेंब लोंबकळला. मग दुसरा. मग सरळ धार, थेट कार्पेटवर.

जाळी उघडली तर आत गुलमोहराची बारीक पानं कुजून शेणासारखा काळा थर झालेला. जाळीखालच्या पन्हाळीचं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांमागे पडायला हवं. भोकं बुजली, पन्हाळ भरली आणि ब्लोअर बाहेरची हवा जिथून ओढतो तिथून पाणी आत उतरलं. आम्ही अर्धी बादली राड उपसली आणि भोकांत वाकवलेली तार हलक्या हातानं फिरवली. चाकामागे भळभळून पाणी पडलं. खर्च शून्य.

वाळवायला मात्र आठवडा गेला. कार्पेटखालचा स्पंज पाणी धरून ठेवतो, वरून कोरडं लागलं तरी आत ओलच असते. मोगऱ्याचा फवारा त्यासाठीच होता. कार्पेट उचलून खाली वर्तमानपत्रं कोंबली, टेबलफॅन लावला. सीट काढायची वेळ आली तर आधी बॅटरी सोडा, सीटखाली एअरबॅगची पिवळी पिन असू शकते.

तात्यांनी जाता जाता अजून एक दाखवलं. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पायपांचे क्लॅम्प जुनेच होते, त्यांवरची धूळही हललेली नव्हती. कोअर बदलायचा तर ते सुटायलाच हवेत, कूलंटही नव्यानं भरावं लागतं. माझं कूलंट जुनंच, तपकिरी पडलेलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिलाच प्रश्न आला, बिल आहे का? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, दोन वर्षांची मुदतही असते. पण 'हिटर काम' लिहिलेल्या कागदावर ना गॅरेजचं नाव, ना तारीख.

क्लॅम्पचे फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. त्यानं फोटो बघितले, गल्ल्यातून ३,००० काढून दिले आणि उरलेले दिवाळीपर्यंत देतो म्हणाला. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं.